घरी बांधलेले विमान

मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले; २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. नोंदणीमुळे विमानाला क्रमांक लाभतो. उडण्याचा अधिकार मात्र त्यानंतरच्या तपासणीवर अवलंबून असतो.

बांधणारा बहुधा स्वतःच देखभालही करतो. म्हणून त्याने आपल्याच कामाकडे परक्याच्या नजरेने पाहावयास हवे. इंधनाच्या टाकीत हवेतील बाष्प थंडीने साकळून पाणी होते. पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते. उड्डाणापूर्वी ते काढून टाकले नाही, तर इंजिन हवेतच बंद पडण्याचा धोका असतो. कंपनाने सैल होऊ शकणारे बोल्ट तारेने जखडावे लागतात. प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद ठेवावी लागते. अन्यथा कोणता भाग केव्हा बदलला, हे पुढे कळत नाही. बिघडलेली मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला ती सोय नसते. म्हणूनच ही सर्व तपासणी जमिनीवर असतानाच पुरी व्हावी लागते.