फिजिक्स की कॉम्प्युटर?

चेन्नईच्या वेलचेरीतल्या मराठी घरांत हा पेच नेहमीचा आहे. मुलीला फिजिक्स आवडतं. आई-बाबा ओएमआरवरच्या आयटी कंपन्यांत, त्यांना कॉम्प्युटर सायन्सचा भरवसा वाटतो. ‘फिजिक्स करून पुढे काय?’ हा प्रश्न मायेपोटीच येतो, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

फिजिक्स आणि कॉम्प्युटर कुठे एकत्र येतात, त्याचं एक उदाहरण पाहू. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉनचे झोत सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना भिडतात. एवढं सगळं साठवणं अशक्यच. सीएमएस प्रयोगात वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आधी त्यातल्या जेमतेम १ लाख घटना निवडतं. मग हजारो प्रोसेसर, आणि २०२२ पासून जीपीयूसुद्धा, त्यांतून काही हजारच पुढे सोडतात. टाकून दिलेली घटना पुन्हा मिळत नाही, त्यामुळे ही गाळणी लिहिणाऱ्याला फिजिक्सही कळावं लागतं आणि कोडही.

उरलेला डेटा ४० हून अधिक देशांतल्या सुमारे १७० संगणक केंद्रांच्या ग्रिडवर वाटला जातो. भारतात सीएमएससाठी मुंबईच्या कुलाब्यातली टीआयएफआर आणि अ‍ॅलिस प्रयोगासाठी कोलकात्याचं व्हीईसीसी या संस्था हे काम सांभाळतात. वेलचेरीला लागूनच असलेल्या आयआयटी मद्रासचा गट सीएमएसमध्ये आहे, पुण्याची आयसरही आहे. म्हणजे हे जग तुमच्या घरापासून फार लांब नाही.

मुलांना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सीएमएसने २०१४ पासून आपला खरा डेटा सर्वांसाठी खुला केला आहे. त्यातली दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) असलेल्या घटनांची फाइल उतरवून घ्या. प्रत्येक घटनेत दोन्ही म्युऑनची ऊर्जा आणि संवेग दिलेले असतात. ऊर्जांची बेरीज करा, संवेगांची सदिश बेरीज करा, पहिल्या बेरजेच्या वर्गातून दुसऱ्या बेरजेचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ काढा; मिळतं ते त्या जोडीचं वस्तुमान. पायथनच्या वीसेक ओळींत हे बसतं. अशा हजारो उत्तरांचा आलेख काढला की ९१ जीईव्हीच्या आसपास एक उंचवटा उभा राहतो. तो झेड बोसॉन हा कण! साध्या लॅपटॉपवर, बारावीच्या गणितावर हे जमतं. ज्या मुलाला हे करताना जेवणाची हाक ऐकू येत नाही, त्याचा कल कुठे आहे हे कुठल्याही कलचाचणीपेक्षा स्पष्ट कळतं.

वाटा अनेक आहेत, प्रत्येकीची प्रवेश परीक्षा वेगळी. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून आयआयटी मद्रासचं इंजिनिअरिंग फिजिक्स, आयएटीमधून आयसर, नेस्टमधून भुवनेश्वरची नायसर किंवा मुंबईची सीईबीएस. बीएस्सीनंतर ‘जॅम’ देऊन एमएस्सी करता येते. तारामणीतल्या आयएमएससीसारख्या संस्थेत पीएचडीसाठी जेस्टचा मार्ग आहे. लिनक्स आणि सी++ मात्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकावं. या क्षेत्रातलं रूट हे सॉफ्टवेअर, ज्याचं काम १९९५ च्या सुमारास सुरू झालं, आजही सी++ वरच उभं आहे.

पालकांनो, पगाराविषयीही मोकळेपणानं बोलू. संशोधनातल्या कायम जागा थोड्या आहेत, पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, त्यानंतरही काही वर्षं तात्पुरत्या फेलोशिपवर काढावी लागतात. पण प्रचंड डेटा शेकडो यंत्रांवर वाटून, चुका पकडत, भरवशाचं उत्तर काढण्याची सवय हवामान खात्याला, बँकांना, जनुकशास्त्राला तितकीच लागते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेलाही अशी माणसं लागतील. तिकडे सर्नचं वाढीव क्षमतेचं यंत्र सध्याच्या नियोजनानुसार २०३० मध्ये सुरू व्हायचं आहे. आज अकरावीत असलेली मुलं तेव्हा पदवी संपवत किंवा पुढचं शिकत असतील.

म्हणून प्रवेशाच्या वेळी कॉलेजचं नाव आणि प्लेसमेंटचा आकडा पाहून थांबू नका. विभागात विद्यार्थ्यांना वापरता येईल असं क्लस्टर आहे का, फिजिक्सच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय घेता येतो का, आणि उन्हाळ्यात प्रकल्प करू देणारे प्राध्यापक कोण, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच विचारा.