कायद्याचे पुस्तक कोणत्या सालचे?

सभासद बंधूंनो, आपला कारखाना ज्या कायद्याखाली चालतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. पण क्रमांक पाहाल तर १९६१ चा २४ वा! ही छापखान्याची चूक नव्हे. राष्ट्रपतींची संमती मिळाली मे १९६१ मध्ये, आणि अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९६२ पासून. म्हणून आम्ही नावातल्या सालावर जात नाही, राजपत्र बघतो.

दुरुस्त्यांचे तसेच. २०१३ च्या दुरुस्तीने ‘क्रियाशील सभासद’ आला आणि मताचा हक्क त्याला बांधला गेला. त्याआधीचे पुस्तक कुणी सभेत नाचवले, तर कितीही जाडजूड असो, बाजूला ठेवा. नंतरच्या दुरुस्त्याही तपासाव्या लागतात.

निकालाची बातमी मात्र फार जपून वाचावी. ९७ व्या घटनादुरुस्तीतला सहकाराचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी राज्यातल्या संस्थांपुरता रद्द ठरवला. सहकार राज्यांचा विषय, आणि निम्म्या राज्यांची मान्यता घेतलेली नव्हती. एवढ्याने आपल्या विधानमंडळाने केलेली २०१३ ची दुरुस्ती आपोआप गेली, असे होत नाही. मतदार यादीवर हरकत घ्यायची झाली तर अर्जात कलम, दुरुस्तीचे साल आणि राजपत्राची तारीख लिहा.