डॉक्टरांशी खरे बोलताना: एचआयव्ही, व्यसन आणि आपली मंडळी

एचआयव्ही आणि व्यसन हे दोन शब्द आपल्या मंडळींत एका दमात उच्चारले, की समोरचा माणूस चहा आणायला उठतो. "आपल्या मुलांत नसते हो असले काही" हे वाक्य मी गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत ऐकले आहे. ज्या दवाखान्यात मी फार्मसिस्ट म्हणून काम करतो तेथेही ते ऐकले आहे, आणि तेही मुलगा शेजारच्या खोलीत तपासणीला बसलेला असताना. म्हणून या वेळी रक्तदाब आणि निवृत्तीची बचत बाजूला ठेवून, व्यसन असलेल्या एचआयव्ही रुग्णाने डॉक्टरांशी आणि डॉक्टरांनी त्याच्याशी कसे बोलावे, याविषयी लिहितो.

हा केवळ मोठ्या शहरांचा प्रश्न आहे, असे समजू नये. इंडियाना राज्यातील स्कॉट काउंटीत ऑस्टिन नावाचे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव आहे. २०१४-१५ मध्ये तेथे ओपाना नावाची वेदनाशामक गोळी विरघळवून टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही पसरला. ज्या काउंटीत वर्षाला पाच नवे रुग्णही सापडत नसत, तेथे वर्षभरात १८० च्या आसपास सापडले. लोक एकच सुई वाटून घेत होते, कारण नवी सुई जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. गावातले डॉक्टर विल्यम कुक यांनी आपल्या दवाखान्यातच एचआयव्ही आणि व्यसन या दोन्हींचे उपचार सुरू केले. सुया वाटपाला विरोध असलेले तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनीही मार्च २०१५ मध्ये आणीबाणी जाहीर करून ते वाटप सुरू करू दिले. पोलिसांची भीती असलेला माणूस डॉक्टरांपाशी तरी तोंड कसे उघडणार?

आपल्याकडचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. भारतात एचआयव्ही प्रथम शोधला तो १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. एक काम विषाणूचे, दुसरे गर्दचे, आणि पुढे दोन्ही बराच काळ वेगवेगळ्या दारांतून चालत राहिले. सुनीतीबाईंचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन जॉन्स हॉपकिन्समध्ये आहेत. भारतातील शहरांत सुई टोचून नशा करणाऱ्यांसाठी तपासणी, सुया आणि उपचार एकाच छपराखाली आणणाऱ्या केंद्रांवर त्यांनी काम केले आहे.

आता दवाखान्यातील संभाषणाकडे वळू. "तुम्ही ड्रग्ज घेत नाही ना?" या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले असते. रुग्ण "नाही" म्हणतो, डॉक्टर खूण करतात आणि विषय संपतो. त्याऐवजी "गेल्या महिन्यात किती वेळा घेतले? ओढून की टोचून?" असे विचारले, तर माणूस सांगतो. गोळ्यांचेही तसेच. "नियमित घेता ना?" यापेक्षा "या आठवड्यात किती चुकल्या?" हा प्रश्न बरा, कारण त्यात गोळ्या चुकतात हे गृहीत धरलेले असते. आपले डॉक्टर असे विचारत नसतील, तर रुग्णाने स्वतःहून आकडा सांगावा. आणि घरात "गर्दुल्ला" हा शब्द वापरत असाल, तर तो माणूस दवाखान्यात गप्प बसण्याचे शिक्षण घरीच घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे केवळ सौजन्य नव्हे. जॉन्स हॉपकिन्सच्या मेरी कॅथरीन बीच आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १,७४३ एचआयव्ही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. "डॉक्टर मला माणूस म्हणून ओळखतात" असे म्हणणाऱ्यांपैकी ४९ टक्के रुग्णांच्या रक्तात विषाणू सापडण्याच्या पातळीखाली होता, इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. तरीही दहा टक्क्यांचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

फार्मसिस्ट म्हणून मला सर्वांत काळजी वाटते ती न सांगितलेल्या गोष्टींची. एफाव्हिरेन्झ हे औषध मेथाडोनची रक्तातील पातळी खाली आणते. रुग्णाला अंग दुखणे, घाम, तळमळ सुरू होते, आणि तो पुन्हा बाहेरून नशा आणतो. रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या गोळ्यांमुळे फेंटानिलचा परिणाम वाढून श्वास मंदावू शकतो. आणि आईने प्रेमाने पाठवलेले लोहभस्म किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतली, तर ते औषध नीट शोषलेच जात नाही. ड्रग्ज लपवली जातात हे समजू शकते, पण काढे आणि भस्मेही लपवली जातात!

आणखी एक गैरसमज दिसतो. विषाणू सापडण्याच्या पातळीखाली टिकून असेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे पक्के सिद्ध झाले आहे. मात्र वाटून घेतलेल्या सुईबाबत तशी खात्री देता येत नाही. व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन हे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरांना पूर्वी खास परवाना लागे. २०२२ च्या अखेरीस ती अट गेली. तेव्हा "आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना देता येत नाही" हे कारण आता उरलेले नाही.

भाषेची अडचण असल्यास दुभाषा मागावा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावा लागतो, आणि फोनवरून मराठीही मिळू शकते. नातवंडाला दुभाषा करू नये. मुलगा सज्ञान असेल, तर आईवडिलांनी बाहेर बसावे.

व्हिसाची भीती अनेकांना गप्प करते. एचआयव्हीमुळे प्रवेश नाकारण्याचा नियम जानेवारी २०१० मध्ये रद्द झाला. ड्रग्जचा वापर मात्र ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत आजही पाहिला जातो, म्हणून त्या तपासणीपूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. ती तपासणी करणारे सिव्हिल सर्जन आणि उपचार करणारे आपले डॉक्टर यांच्या भूमिका वेगळ्या आहेत. व्यसनमुक्ती केंद्रांच्या नोंदींना १९७० च्या दशकापासून वेगळे कायदेशीर संरक्षणही आहे.

शेवटी पैशाचे. विमा नसेल किंवा अपुरा असेल, तर १९९० च्या रायन व्हाइट कायद्याखाली औषधांसाठी मदत मिळते; उत्पन्नाच्या अटी राज्यागणिक वेगळ्या आहेत. पालकांच्या विम्यावर मुले २६ वर्षांपर्यंत राहतात, आणि तपासणीचा तपशील असलेले विमा कंपनीचे पत्र बहुधा वडिलांच्या नावाने घरी येते. या एका पाकिटापायी तपासणी टाळणारी मुले मी पाहिली आहेत. घरी पत्र आल्याने धोका संभवतो असे कळवले, तर कंपनीला ते दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे लागते. त्यासाठी गोपनीय पत्रव्यवहाराचा अर्ज मागावा. तो तपासणीच्या आधी द्यावा, कारण बिल गेल्यावर दिला तर पहिले पाकीट घरी पोचलेले असते.