नेमाची गोळी

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका लिंबांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. लिंबाच्याच कुळातील मोसंबीचे कलम कसे करतात, ते तुम्ही कधी पाहिले आहे काय? माळी जंबेरीच्या रोपाच्या सालीस चीर देतो, तीत मोसंबीचा डोळा बसवितो आणि पट्टी घट्ट बांधतो. काही दिवसांनी डोळा फुटतो. मूळ जंबेरीचे, फळ मोसंबीचे! परक्याचा डोळा जंबेरी आपलासा करते.

माणसाच्या शरीराचे मात्र असे नाही.

आपल्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूस, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती रात्रंदिवस रक्त गाळून शुद्ध करीत असतात. दोन्ही निकामी झाली, तर यंत्राच्या साहाय्याने रक्त शुद्ध करावे लागते, किंवा दुसऱ्या माणसाचे मूत्रपिंड रोग्याच्या शरीरात बसवावे लागते. यालाच मूत्रपिंडाचे रोपण म्हणतात. परंतु आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. आपले कोणते आणि परके कोणते, हे त्या अचूक ओळखतात. रोगजंतू आत शिरला की त्यावर तुटून पडतात. पण या पहारेकऱ्यांना चोर आणि पाहुणा यांतील भेद कळत नाही. जीव वाचविण्यासाठी आलेल्या अवयवावरही ते तसाच हल्ला चढवितात.

१९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणास त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविले. भाऊ अगदी एकसारखे असल्यामुळे पहारेकऱ्यांना परकेपणा जाणवला नाही. तो तरुण आणखी आठ वर्षे जगला. पण असा जुळा भाऊ कितीजणांना असतो? ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसास दुसऱ्याचे हृदय बसविले. पहारेकऱ्यांना आवरण्यासाठी भारी औषधे दिली. त्यामुळे रोगजंतूंना वाट मोकळी झाली आणि अठराव्या दिवशी न्युमोनियाने रोगी दगावला. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रोगीही काही तासच जगला. अवयव बसविणे ही अर्धीच लढाई होती. तो टिकविणे ही उरलेली अर्धी.

या लढाईत माणसाच्या मदतीला माती धावली! नॉर्वेतील एका पठारावरच्या मातीत एक बुरशी सापडली. तिच्यापासून मिळालेले द्रव्य पहारेकऱ्यांना शांत ठेवते, हे १९७२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांना आढळले. तेच सायक्लोस्पोरिन हे औषध. पुढे १९८४ साली जपानमधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून टॅक्रोलिमस हे औषध मिळाले. आज ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचा अवयव आहे, असे असंख्य लोक अशाच औषधांच्या आधारे शेती करतात, शिकवितात, संसार चालवितात.

आता अशी कल्पना करा, की श्रीगोंद्याच्या एका शेतकऱ्यास त्याच्या आईने आपले एक मूत्रपिंड दिले आहे. सकाळी आठ आणि रात्री आठ या त्याच्या गोळ्यांच्या वेळा. एक वर्ष उलटते. अंगात बळ येते, बागेतली कामे होऊ लागतात. मग एके दिवशी त्याच्या मनात येते, ‘मी ठणठणीत बरा आहे, आता गोळी कशाला?’

मुलांनो, येथेच घात होतो! तो बरा आहे, तो गोळीमुळेच. गोळीचा प्रभाव काही तासांतच ओसरू लागतो. ती वारंवार चुकली, की पहारेकरी जागे होतात आणि हल्ला सुरू होतो. पुष्कळदा तो दुखत नाही, खुपत नाही. केवळ रक्ताच्या तपासणीत कळतो. पायांवर सूज येईपर्यंत थांबले, तर कित्येकदा गेलेले परत मिळविता येत नाही. आईपाशी तर आता एकच मूत्रपिंड उरले आहे. कितीही माया असली, तरी ती दुसऱ्यांदा कोठून देणार?

म्हणून असा रोगी काही नेम पाळतो. प्रवासास निघताना गोळ्या सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवतो. रक्तातील औषधाचे प्रमाण तपासावयाचे असेल, त्या सकाळची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रक्त दिल्यानंतर घेतो. गोळी चुकली, तर आपल्या मनाने दोन गोळ्या एकदम घेत नाही. डॉक्टरांस विचारतो, कारण औषध कमी पडणे जसे वाईट, तसेच ते जास्त होणेही वाईट. अंगदुखीची गोळी किंवा कोणी सुचविलेला काढा तो विचारल्यावाचून घेत नाही. लिंबाच्याच कुळातील पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळेही तो वर्ज्य करतो. कारण त्यांच्यामुळे रक्तातील औषध वाढते.

तुमच्या घरी वा शेजारी असा कोणी असेल, तर घड्याळात आठ वाजताच “गोळी घेतली का?” एवढेच विचारा. सर्दीखोकला झाला असेल, तर त्याच्यापासून दूर राहा. तुमच्या हातून होणारी ही सेवा लहान नव्हे.

आता पुन्हा त्या कलमाकडे वळू. मोसंबी फळू लागली, तरी खालच्या जंबेरीच्या खुंटास अधूनमधून फुटवे येतात. माळी ते वेळीच काढून टाकतो. त्याने आळस केला, तर जंबेरी माजते आणि मोसंबी खुरटते. कलम एका दिवसात बांधून होते. राखावे मात्र जन्मभर लागते.

स्वाध्याय
१. पांढऱ्या पेशींना पहारेकरी का म्हटले आहे?
२. जुळ्या भावाचे मूत्रपिंड रोग्याच्या शरीराने का स्वीकारले?
३. ‘तो बरा आहे, तो गोळीमुळेच’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. माळी आणि रोगी यांच्या नेमांतील साम्य पाच ओळींत लिहा.