नैरोबीस प्रथम जाणाऱ्यांसाठी

अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड येथे ज्याची हयात गेली त्याला गर्दीचे भय उरत नाही, आणि नोकरीच्या निमित्ताने नैरोबीस जाऊन राहण्याचा योग आला तेव्हा केनियाच्या त्या राजधानीने मला चकित केले नाही, उलट पहिल्याच दिवशी निर्धास्त केले. परंतु हा निर्धास्तपणाच नवागताला सर्वांत अधिक नडतो, असे तेथील वास्तव्यानंतर मी पूर्ण विचारांती सांगतो.

निर्धास्त होण्यास कारणे सबळ असतात. वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. मटाटू नामक चित्रविचित्र रंगांच्या खाजगी प्रवासी गाड्यांच्या दारात लोंबकळत गिऱ्हाईक पुकारणारा वाहक पाहिला की तो अंधेरी स्थानकाबाहेरचाच वाटतो. बियाशारा स्ट्रीटवरील कापडाच्या दुकानांत गुजराती कानी पडते आणि साध्या खाणावळीतही चपाती मिळते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात घालण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर, मुख्यतः पंजाबातून, करारावर नेण्यात आले, त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मरण पावले, आणि त्याच लोहमार्गाच्या १८९९ मध्ये पडलेल्या तळातून नैरोबी शहर वाढले. त्या मुलखात १९२० पर्यंत रुपयाचे चलन होते. घाटकोपर-मुलुंडकडील कित्येक कच्छी आणि गुजराती घरांत आजही आफ्रिकेतल्या नातलगांच्या गोष्टी निघतात. असा हा जुना ऋणानुबंध असल्यामुळे आपण परक्या ठिकाणी आलो आहोत, याचे भान मनाला राहतच नाही.

माझे एक वयस्क सहकारी वर्षानुवर्षे घाटकोपरहून लोकलने नोकरीस गेलेले. रुळांलगतच्या खांबावरून दारातल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारून फोन पाडणाऱ्या टोळ्यांची त्यांना पुरती माहिती, त्यामुळे गाडीच्या दारात त्यांनी कधी फोन बाहेर काढला नाही. तेच गृहस्थ नैरोबीतल्या उहुरू हमरस्त्यावर टॅक्सी खोळंबली असता काच खाली घेऊन घरच्यांशी बोलू लागले, आणि वाहनांच्या रांगांमधून चालत आलेल्या एका तरुणाने फोन हातातून हिसकावून पळ काढला. चालकाने पाठलाग केला नाही, त्याने आधी सर्व काचा वर घेतल्या, आणि वडीलधाऱ्यांस तेथे ज्या आदराने 'म्झे' म्हणतात त्या आदराने तो म्हणाला, "म्झे, गाडी थांबली की काच वर गेली पाहिजे, हा आमचा शिरस्ता आहे." पुढे त्यानेच आम्हांस पोलीस ठाण्यात नेऊन तक्रारीचा दस्तऐवज मिळवून दिला. त्यास तेथे 'पोलीस अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' म्हणतात, आणि हरवलेल्या वस्तूंविषयीच्या पुढील साऱ्या कामांत तोच मागितला जात असल्यामुळे, वस्तू परत मिळण्याची आशा नसली तरी तो पदरात पाडून घ्यावाच. रोकडही बेताचीच बाळगावी. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेतले, की २००७ पासून चालत आलेल्या एम-पेसा या फोनवरील व्यवस्थेने भाजीवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांचे पैसे चुकते करता येतात.

चोरीचा हा प्रसंग मी सांगितला तो भय वाढविण्यासाठी नव्हे. ऐकीव गोष्टींवरून एका संपूर्ण समाजाविषयी वाईट ग्रह करून घेणारे लोक आपल्या उपनगरांत थोडे नाहीत, आणि त्या ग्रहापायी ते ज्या सौजन्याला मुकतात ते थोर आहे. नैरोबीत दुकानदारास, पहारेकऱ्यास वा वाहकास प्रथम अभिवादन करून क्षेमकुशल विचारण्याची रीत आहे, "हा केवढ्याला?" असा आपला मुंबईकर सवाल तेथे एकदम टाकला तर तो उद्धटपणा समजला जातो. 'हबारी' एवढा एक शब्द आधी उच्चारला, की समोरच्या मुद्रेवर जे मार्दव उमटते ते मी अनेकदा अनुभवले आहे. पहिल्या दिवसापासून ही सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी.

वेळेच्या बाबतीतही सावध असावे. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून 'सा टाटू', अर्थात तिसरा तास, म्हणजे आपले सकाळचे नऊ. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांना यात काही नवल वाटले नसते, पण घड्याळावर वाढलेल्या आपल्यासारख्यांची गाठभेट मात्र सहज चुकते. तास सांगणारा स्वाहिलीत बोलतो आहे की इंग्रजीत, हे विचारून घ्यावे. विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे बारा महिने साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि काळोख झपाट्याने पडतो, तेव्हा अनोळखी वस्तीतून पायी परतायचे ते त्यापूर्वीच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० फुटांवर असल्याने जुलैत लोकरीचे कपडे लागतात. आफ्रिका म्हणजे उष्णता, या समजुतीने केवळ सुती कपडे नेऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाची तजवीज मात्र मुंबईतच करावयाची असते. केनियाहून भारतात परतणाऱ्यापाशी पीतज्वराच्या लसीचा दाखला असावाच लागतो, नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. आणि हा दाखला लस टोचल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य ठरतो, पुढे तो आजन्म चालतो. ही लस कोणत्याही दवाखान्यात नव्हे, तर सहार येथील विमानतळ आरोग्य कार्यालयासारख्या सरकारमान्य केंद्रातच मिळते. तिकिटाची तारीख ठरविण्याआधी लसीची तारीख घ्या.