साग वाळला, असे समजू नका

प्रश्न : बांधावरचा साग फेब्रुवारीत पार बोडका झाला. शेजारचे जांभूळ मात्र हिरवेगार. पाणी घालूनही पालवी नाही. तोडून टाकू का?
– एक शेतकरी, यवतमाळ

उत्तर : कृपा करून तोडू नका. साग पानझडी वृक्ष आहे. त्याच्या रुंद पानांतून पाणी भराभर उडते, म्हणून जमिनीतली ओल कमी होताच तो पानांतली अन्नद्रव्ये खोडात ओढून घेतो आणि पाने गाळतो. जांभूळही पाने गाळते, पण थोडी थोडी, नवी येत असताना. म्हणून ते उघडे पडत नाही. सह्याद्री घाटातल्या आंबोलीतही सात-आठ महिने पाऊस नसतो, मग तिथले रान हिरवे कसे, असे तुम्ही विचाराल. तिथली चिवट, मेणचट पाने पाणी जपतात आणि धो धो पावसाची ओल मातीत बरीच टिकते. तुमच्या सागाला घातलेल्या पाण्याने पानगळ लांबेल, टळणार नाही; बुंध्याशी पाणी तुंबले तर मुळे मात्र कुजतील.

खात्रीसाठी कोवळ्या फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवी, ओलसर दिसली तर झाड जिवंत आहे. पहिल्या पावसानंतर पालवेल. पाचोळा जाळू नका, बुंध्यापासून वीतभर सोडून आळ्यात पसरा. ऐन पावसाळ्यात पाने झडली किंवा खोडाला भोके दिसली, तर मात्र कृषी सहायकांना दाखवा.