कोलेस्टेरॉल, डुक्कर आणि आपली मुलं

आरोग्यावर लेख लिहायचा आणि त्यात डुक्कर आणायचं म्हणजे आपल्यातल्या काही शाकाहारी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडणार, हे आम्हाला ठाऊक आहे. पण म्युनिकमध्ये राहून कोलेस्टेरॉलबद्दल लिहायचं तर या प्राण्याला टाळता येत नाही.

सुरुवात शहरापासूनच करू. ग्रोसहाडर्नच्या मोठ्या इस्पितळाजवळ फेओडोर ल्युनेन यांच्या नावाचा रस्ता आहे. ल्युनेन याच शहरात १९११ साली जन्मले. शरीर कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं कशी तयार करतं हे उलगडल्याबद्दल त्यांना १९६४ चं नोबेल कोनराड ब्लॉख यांच्यासह मिळालं. आज आपल्यापैकी अनेकजण रात्री जी स्टॅटिनची गोळी घेतात, ती याच साखळीची एक कडी अडवते. आणि त्याच रस्त्यावर म्युनिक विद्यापीठाचं 'जीन सेंटर' आहे. तिथले प्राध्यापक एकहार्ड वोल्फ आणि त्यांचे सहकारी संशोधनासाठी डुकरं तयार करतात. ती ठेवलेली असतात ओबरश्लाइसहाइमला. राजवाडा बघायला आपण 'एस १' ने जातो ना, तिथेच.

डुक्करच का? उंदीर स्वस्त, लहान, पटापट वाढणारा. पण उंदराच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल 'चांगल्या' एचडीएलमध्ये असतं आणि साध्या खाण्यावर त्याच्या रक्तवाहिन्या तुंबत नाहीत. प्राण्याची निवड चुकली तर काय होतं याचं उदाहरण स्टॅटिनचंच. जपानच्या अकिरा एंडो यांचं पहिलं स्टॅटिन उंदरांच्या जातीतल्या रॅट या प्राण्यांवर चाललंच नाही. मग कोंबड्या आणि कुत्र्यांवर गुण दिसला, म्हणून ते औषध वाचलं! डुक्कर मात्र आपल्यासारखं सर्वभक्षी आणि एका जठराचं. त्याच्या रक्तात एलडीएल जास्त, हृदय आपल्याएवढं, आणि हृदयाच्या धमन्यांमध्ये थर साचतात तेही आपल्यासारखेच. अर्थात डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एलडीएलकडे नेणारं एक प्रथिन माणसात असतं, ते डुकरात जवळजवळ नसतंच.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अमेरिकेतली. विस्कॉन्सिन विद्यापीठात यान रापाच यांच्याकडे डुकरांचा एक वंश होता. त्यांना चरबी कमी आणि कोलेस्टेरॉल अजिबात नसलेलं खाणं दिलं जाई. तरीही त्यांचं कोलेस्टेरॉल चढलेलं, आणि सातव्या महिन्यात हृदयाच्या तिन्ही धमन्यांत भरपूर थर! हे १९८६ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९९८ मध्ये कारण सापडलं: एलडीएल रक्तातून उचलून घेणाऱ्या ग्राहकाच्या जीनमध्ये बिघाड. खाण्याचा दोष नव्हता, जन्मतःच यकृताचा तो दरवाजा नीट उघडत नव्हता. माणसातही असाच आनुवंशिक आजार आहे, साधारण अडीचशे-तीनशेत एकाला. "आमच्याकडे तर तूपसुद्धा मोजून घेतात, मग कसं झालं?" हा प्रश्न आपल्या घरांतून ऐकू येतो, त्याचं एक उत्तर या डुकरांनी दिलं आहे.

म्युनिकची डुकरं वेगळ्या कामाची. इन्शुलिनच्या जीनमध्ये बदल केलेली ही डुकरं जन्मापासून मधुमेही असतात. त्यांच्याबद्दलचा शोधनिबंध २०१३ चा. इन्शुलिन नसलं की साठवलेली चरबी सुटून रक्तात येते आणि यकृत तिचे कीटोन करत सुटतं. हे या डुकरांच्या यकृतात रेणूंच्या पातळीवर तपासता आलं. दोन वर्षांच्या मधुमेही आणि निरोगी डुकरांच्या पन्नासएक ऊतींचे नमुने इथे एका संग्रहात जपून ठेवले आहेत. दुसऱ्या शास्त्रज्ञाला नवा प्रश्न पडला तर त्याने पुन्हा नवे प्राणी मारायला नकोत. जीव घेणं मनाला टोचतं, आणि टोचायलाच हवं. जर्मनीत प्राणिसंरक्षण २००२ पासून राज्यघटनेत आहे आणि अशा प्रत्येक प्रयोगाला सरकारी परवानगी लागते.

आता मुलांकडे वळू. २०२१ मध्ये म्युनिकच्या जर्मन हार्ट सेंटरने बायर्नमध्ये 'व्रोनी' नावाची पाहणी सुरू केली. ५ ते १४ वर्षांच्या मुलांचं थेंबभर रक्त बालरोगतज्ज्ञाकडेच घ्यायचं आणि एलडीएल १३० किंवा जास्त निघालं तर जीन तपासायचा. आजार लहानपणी कळला तर धमन्या तुंबायच्या आत उपचार सुरू होतात. तेव्हा पुढच्या तपासणीला पिवळी वही घेऊन जाल, त्या वेळी डॉक्टरांना एलडीएलबद्दल जरूर विचारा. आजोबा, काका, मामा, कोणालाही पंचावन्नच्या आत हार्ट अॅटॅक आला असेल तर न विचारताच सांगा. इथल्या डॉक्टरला आपलं पुण्या-नागपूरचं घराणं कुठून माहीत असणार? भारतातले जुने रिपोर्ट असतील तर तेही न्या. आकडे म्युनिकमध्ये तसेच वाचता येतात, कारण दोन्हीकडे मिलिग्रॅमचंच माप आहे. लाइपझिग-ड्रेस्डेनकडे राहणाऱ्यांनी मात्र कोलेस्टेरॉलचा भारतातला आकडा ३८.७ ने भागावा. तिकडे १३० चे साधारण ३.४ होतात.